जांभळं फडकं आणि ओला कापूस : काबुकी नटांच्या छापचित्रांविषयी प्रश्नोत्तरे

काबुकी या जपानी नाट्यप्रकारातल्या नटांच्या लाकडी ठशांच्या चित्रांना जपानीत ‘याकुशा-ए’ म्हणतात. त्यांच्याविषयी येणाऱ्या पत्रांत तेच तीन गैरसमज फिरून फिरून दिसतात. चित्रकारानं चित्र स्वतः छापलं, जितकं फिकट तितकं जुनं, आणि पाण्यानं पुसलं की उजळतं. पहिल्या दोहोंमुळे फार तर पैसे जातात, तिसऱ्यामुळे चित्रच जातं. म्हणून या वेळी एकत्र उत्तरं देत आहे.

प्रश्न : चित्रावर शाराकू या चित्रकाराची सही आहे. म्हणजे त्यानं ते स्वतः काढलं, कोरलं आणि छापलं, असंच ना?

नाही. त्यानं फक्त रेखाटन केलं. छापचित्राला चार माणसं लागत : प्रकाशक, चित्रकार, कोरणारा आणि छापणारा. भांडवल आणि विषयाची निवड प्रकाशकाची. शाराकूच्या बाबतीत हा प्रकाशक म्हणजे एदोचा (आजच्या तोक्योचा) त्सुताया जूझाबुरो. १७९४च्या पाचव्या महिन्यात त्यानं शाराकूची अठ्ठावीस मोठ्या चेहऱ्यांची चित्रं काळपट अभ्रकाच्या पार्श्वभूमीवर एकदम बाजारात आणली. पार्श्वभूमीला अभ्रक लावायचं की नाही, हा खर्चाचा निर्णय, तोही प्रकाशकाचाच.

चित्रकार पातळ कागदावर शाईनं रेघांचं चित्र काढी. त्यावर सरकारी तपासणीचा शिक्का बसला की तो कागद रानचेरीच्या फळीवर खळीनं पालथा चिकटवत. मग ओल्या बोटांनी कागदाचे मागचे थर चोळून काढायचे आणि तेलाचा हात फिरवायचा, की रेघा उलट्या पण स्वच्छ दिसू लागतात. कोरणारा प्रत्येक रेघेच्या दोन्ही अंगांनी सुरी चालवून मधली रेघ उभी ठेवतो, उरलेलं लाकूड काढून टाकतो. या कामात मूळ रेखाटन नष्ट होतं. तेव्हा छापलेल्या चित्राचं ‘मूळ हस्तचित्र’ कुणी विकायला आणलं तर तिथेच थांबा. जी रेखाटनं उरली, ती न कोरलेल्या चित्रांची किंवा कच्ची.

काळ्या रेघांची फळी तयार झाली की तिच्यावरून रंगांच्या संख्येइतक्या प्रती काढत. एका प्रतीवर लाल कुठे, दुसरीवर निळा कुठे, हे चित्रकार दाखवून देई आणि त्यानुसार प्रत्येक रंगाचा वेगळा ठसा कोरला जाई. फळीच्या दोन्ही बाजू वापरत, त्यामुळे दहा-बारा छापांचं चित्र पाच-सहा फळ्यांत बसे. प्रत्येक ठशावर कागद बसवायच्या दोन खुणा असतात, एक कोपऱ्याची आणि एक सरळ कडेची. त्यांना ‘केंतो’ म्हणतात. त्या केसभर हलल्या तर ओठांचा रंग हनुवटीवर उतरतो.

डोक्याचं कोरकाम कारखान्यातला सर्वांत मुरलेला माणूस करी, कपडे आणि पार्श्वभूमी शिकाऊंकडे जाई. कुनिसादाचं एखादं चांगलं चित्र भिंगाखाली धरून कपाळाच्या कडेला केस उगवतात ती जागा पाहा. जेमतेम केसाइतक्या रेघा, कपाळाकडे येताना निमुळत्या झालेल्या, एकही एकमेकीला चिकटलेली नाही. ती चित्रकाराच्या कुंचल्याची करामत नव्हे. रेखाटनात तिथे बहुधा नुसता इशारा असे, बाकीचं कोरणाऱ्याच्या सुरीनं केलेलं आहे. त्याचं नाव मात्र क्वचितच चित्रावर येतं.

प्रश्न : ही चित्रं म्हणजे रविवर्मा प्रेसच्या चित्रांसारखीच का?

नाही. ते दगडावरून, तेलाच्या शाईनं, यंत्राच्या दाबाखाली छापलेलं शिळाछापाचं काम. इथे लाकूड, पाण्यातले रंग आणि हाताचा दाब.

प्रश्न : शाराकू नक्की कोण? तो प्रसिद्ध चित्रकार होकुसाईच होता असं वाचलं.

ते सोडून द्या. सर्वाधिक मान्य मत असं, की तो आवा प्रांताच्या सरदाराकडे असलेला साइतो जूरोबेई नावाचा, ‘नो’ या जुन्या जपानी नाट्यप्रकारातला नट. १८४४च्या एका जपानी नोंदीत तसं लिहिलेलं आहे. साधारण दहा महिने त्यानं काम केलं, सुमारे दीडशे चित्रं दिली आणि १७९५च्या आरंभी ते थांबलं.

प्रश्न : एकाच चित्राच्या दोन प्रती पाहिल्या. एकीत आकाश वरून खाली फिकं होत जातं, दुसरीत सपाट निळं आहे. खरी कोणती?

दोन्ही खऱ्या असू शकतात. पहिली खेप साधारण दोनशे प्रतींची धरत. विक्री चांगली झाली की पुढच्या खेपा निघत, आणि त्यात प्रकाशक काटकसर करी. रंगाची ही चढउतार (‘बोकाशी’) करायला ठसा ओला करून रंग एकाच बाजूला लावावा लागतो, तोही प्रत्येक प्रतीसाठी नव्यानं. वेळ जातो, म्हणून पहिली कात्री तिथे लागते. त्यानंतर एखाद-दुसरा रंग, अभ्रक, आणि कोऱ्या दाबानं, म्हणजे रंगाशिवाय, उठवलेली कापडाची वीण गायब होते.

फिकटपणावरून खेप ठरवू नका, रेघेवरून ठरवा. चौकटीच्या काळ्या रेघेत तुटलेल्या जागा किती, केसांच्या रेघा जाड होऊन एकमेकींत मिसळल्या आहेत का, रंग आपल्या जागेत बसले आहेत का. फळी झिजली की हे आधी दिसतं. दोन प्रती शेजारी ठेवून, आडव्या प्रकाशात, भिंगानं पाहायच्या. फोनवरच्या फोटोतून हे कळत नाही, त्यामुळे फोटो पाठवून ‘पहिली खेप आहे का’ असं विचारू नका. मूळ चित्र जाणकाराला दाखवा.

प्रश्न : चित्रातला नट कोण, हे जपानी न येणाऱ्याला ओळखता येईल का?

बऱ्याचदा येतं. बाहीवर किंवा छातीवर घराण्याचं चिन्ह असतं. एकात एक तीन चौकोन (तांदूळ मोजायची मापं वरून पाहिल्यासारखी) दिसले तर इचिकावा दान्जूरोचं घराणं. कापसाची बांधलेली जुडी असेल तर सेगावा किकुनोजोचं. पण चिन्ह घराणं सांगतं, माणूस नव्हे. दान्जूरो हे नाव पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं, तेव्हा कितवा ते ठरवायला साल आणि भूमिका लागतेच.

स्त्रीवेशातला नट ओळखायचा तर कपाळ पाहा. १६२९ साली स्त्रियांना काबुकीच्या रंगमंचावर बंदी आली. पुढे मुलांच्या मंडळ्यांवरही १६५२मध्ये बंदी आली आणि नटांना पुढचे केस भादरणं भाग पडलं. ते भादरलेलं कपाळ झाकायला स्त्रीपार्टी नट, म्हणजे ‘ओन्नागाता’, जांभळ्या रेशमाचं छोटं फडकं लावत. स्त्रीच्या चित्रात कपाळावर ते फडकं दिसलं, की तो पुरुष नट आहे हे पक्कं. या फडक्याकडे लक्ष राहू द्या, खाली ते पुन्हा येणार आहे.

चेहरा खरा वाटतो का, हेही पाहा. तोरी या चित्रकारांच्या घराण्याच्या सुरुवातीच्या चित्रांत सगळे नट एकाच साच्याचे, भोपळ्यासारख्या पोटऱ्यांचे आणि गांडुळासारख्या वळणदार रेघांचे. १७६५ला बहुरंगी छपाई आली, त्यानंतर कात्सुकावा शुन्शो आणि इप्पित्सुसाई बुन्चो यांनी हुबेहूब चेहरे काढायला सुरुवात केली. तिथून पुढे एखाद्या नटाचं नाक ओळखीचं झालं की ते दहा चित्रांत सापडतं.

प्रश्न : बालगंधर्वांसारखेच का हे ओन्नागाता?

पुरुषानं स्त्री उभी करणं एवढं साम्य खरं. काबुकीत मात्र ती सरकारी बंदीतून आलेली आणि घराण्यांत शिकवली जाणारी परंपरा होती. आपल्याकडच्या छायाचित्रांवरून तिकडच्या चित्रांतले कपडे आणि केशरचना ओळखायला जाऊ नका.

प्रश्न : एका नटाचं चित्र आहे. अंगात फिकट निळा औपचारिक पोशाख, हातात जपमाळ, वर बराच मजकूर. हा कोणत्या नाटकातला प्रसंग?

नाटकातला नव्हे. हे मृत्यूनंतर काढलेलं स्मृतिचित्र, ‘शिनि-ए’. वरच्या मजकुरात बहुधा मृत्यूची तारीख आणि बौद्ध पद्धतीनं दिलेलं मरणोत्तर नाव असतं. आठव्या दान्जूरोनं १८५४ साली ओसाकात आत्महत्या केली, तेव्हा अशी शंभराहून अधिक वेगवेगळी चित्रं निघाली. बातमी शिळी व्हायच्या आत विकायची असत, म्हणून पुष्कळांचं कोरकाम घाईचं. आधी मजकूर वाचून घ्या. तारीख तिथेच मिळेल.

प्रश्न : चित्र कोणत्या वर्षीचं हे शिक्क्यांवरून कळतं म्हणतात. कसं?

ढोबळ वर्गवारी अशी. १७९०-९१पासून १८४२पर्यंत ‘किवामे’ हा सरकारी तपासणीचा एकच छोटा गोल शिक्का. १८४३ ते १८४७ तपासनिसाच्या नावाचा एक शिक्का, १८४७ ते १८५२ दोन. १८५२पासून त्यांच्या जोडीला वर्षाचा प्राणी आणि महिना सांगणारा शिक्का येतो. इथेच लोक चुकतात. प्राणी बारा वर्षांनी परत येतो, त्यामुळे उंदराचं वर्ष १८५२ही असतं आणि १८६४ही. दोन तपासनिसांचे शिक्के आणि वेगळा उंदीर असेल तर १८५२. तपासणीचं अक्षर आणि उंदीर एकाच गोल शिक्क्यात असतील तर १८६४.

किवामे असलेलं प्रत्येक चित्र त्या काळात छापलेलंच असतं असं नाही. नवी फळी कोरताना शिक्काही कोरला जातो. नुसत्या शिक्क्यावर व्यवहार करू नका.

प्रश्न : १८४२च्या आसपासची नटांची चित्रं फारशी का दिसत नाहीत?

तेम्पो सुधारणांमुळे, म्हणजे सरकारनं चैनीवर आणलेल्या निर्बंधांमुळे. त्या वर्षी नट आणि गणिका यांच्या चित्रांवर बंदी आली, रंगांच्या ठशांची संख्या आणि किंमतही बांधून दिली गेली. सातव्या दान्जूरोला चैनीच्या आरोपावरून एदोतून हद्दपार केलं. काही वर्षांनी कुनियोशीनं गोदामाच्या भिंतीवर कुणी खिळ्यानं ओरखडल्यासारखी नटांची डोकी काढली, म्हणजे नावं न घालता चेहरे बाजारात आले. बंदी पुढे आपोआप सैल पडली.

प्रश्न : एका विक्रेत्याकडे ‘मूळ शाराकू, मर्यादित आवृत्ती, ५०पैकी १२वी प्रत’ असं प्रमाणपत्रासह चित्र आहे. उद्यापर्यंतच सवलत आहे म्हणतो. घेऊ का?

घेऊ नका. एदो काळात, म्हणजे ही चित्रं छापली जात त्या काळात, प्रतींवर क्रमांक घालायची पद्धतच नव्हती, पेन्सिलीनं तर नाहीच. ‘५०पैकी १२’ हे शब्दच चित्र आधुनिक असल्याचं सांगतात. आणि उद्यापर्यंतची सवलत ही तुम्ही कुणाला विचारू नये यासाठी असते.

तीन प्रकार वेगळे ओळखायला शिका. पहिला, जुन्या फळीवरून त्या काळी छापलेलं चित्र. दुसरा, विसाव्या शतकात नवी फळी कोरून, हातानं छापलेली प्रतिकृती. ही फसवणूक नव्हे, जपानमध्ये आजही हे काम उत्तम होतं, फक्त ती प्रतिकृती म्हणून आणि त्या किमतीला विकली पाहिजे. तिसरा, यंत्रावर छापलेला कागद. तिसरा तर दहापट भिंगाखाली लगेच कळतो, रंगाचे ठिपके जाळीसारखे दिसतात. ठशाच्या छपाईत अशी ठिपक्यांची जाळी नसते. तिथे रंग कागदाच्या तंतूंत शिरलेला असतो आणि मागच्या बाजूला पाझरलेला, कागद ठशावर दाबणाऱ्या घासणीच्या गोल फेऱ्यांसकट दिसतो. म्हणून मागची बाजू दाखवायला नकार देणाऱ्याकडून काही घेऊ नये. चौकटीत बंद असेल तर उघडायला सांगा.

मापही घ्या. ओबान आकार साधारण ३९ गुणिले २६.५ सेंटिमीटर, अरुंद होसोबान ३३ गुणिले १५. एक-दीड सेंटिमीटर कमी भरलं तर कडा छाटलेल्या असतात, आणि त्यासोबत प्रकाशकाचं चिन्हही जातं. पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारातला फरक मात्र पुस्तकं वाचून कळणार नाही. त्यासाठी पैसे देण्याआधी, विक्रेत्याशी संबंध नसलेल्या जाणकाराचं मत घ्या.

प्रश्न : आजोबांनी जपानहून आणलेलं स्त्रीवेशातल्या नटाचं चित्र आहे. कपाळावरचं फडकं मळकट पिवळं झालंय. ओल्या कापसानं कडेला पुसून पाहिलं तर कापूस निळसर झाला, म्हणजे मळ निघतोय असं वाटतं. पुढे काय वापरू? कुणी पावाचा चुरा सांगतं, कुणी पातळ ब्लीच.

काहीही वापरू नका. कापसावर आला तो मळ नव्हता. तो रंग होता, आणि बहुधा चित्रात उरलेला शेवटचा निळा होता.

हे समजायला फडक्याचा जांभळा कसा बनत असे ते पाहावं लागेल. अठराव्या शतकातला हा जांभळा म्हणजे दोन फुलांचं मिश्रण. तांबडा भाग करडईच्या फुलांचा, ज्यातून आपला कुसुंबी रंग निघतो तोच. फुलांतला पिवळा अंश पाण्यानं धुऊन टाकायचा, मग राखेच्या पाण्यात लाल उतरवायचा आणि आंबट रसानं तो साका बसवायचा. निळा भाग ‘त्सुयुकुसा’ नावाच्या छोट्या निळ्या रानफुलाचा. त्याचा रस कागदावर पुन्हा पुन्हा चढवून वाळवत आणि तो रंगवलेला कागद विकत. छापणाऱ्यानं कागदाचा तुकडा फाडून पाण्यात टाकला, की रंग तयार. म्हणजे हा रंग पाण्यात विरघळावा म्हणूनच बनवलेला होता. छपाईनंतर त्याला पक्कं करणारं काहीही घातलेलं नाही. दोनशे वर्षांनी त्यावर पाण्याचा थेंब पडला, तरी तो तेच करतो.

पाण्याइतकाच प्रकाशही घातक. त्सुयुकुसाचा निळा उजेडात आधी राखाडी, मग पिवळट-मातकट होतो. करडईचा लालही उडतो. दोन्ही मिळून जांभळ्याचं मळकट पिवळं होतं, आणि घरातल्या माणसाला वाटतं की डाग पडलाय. डाग म्हणून पुसायला घेतलेल्या जागांत खरोखर डाग असतोच असं नाही. नारिंगी भागावरच्या काळ्या छटेचंही तेच. तिथला रंग शेंदूर, तो हवेतल्या गंधकामुळे काळा पडतो. तो खरवडला की खाली कागद उघडा पडतो.

पावाच्या चुऱ्याचं तेल कागदात राहतं आणि किडीला आमंत्रण देतं. घासल्यानं होशो कागदाचे मऊ तंतू उठतात, कोऱ्या दाबानं उठवलेली नक्षी सपाट होते, अभ्रक निखळतं. ब्लीच तर उरलेली सगळी फुलं खाऊन टाकेल आणि तुतीच्या सालीचा हा कागद ठिसूळ करेल. इस्त्री नको, ‘ताणून बसवणं’ नको. आणि ज्याचा सर्वांत जास्त राग येतो ते म्हणजे गेलेला जांभळा जलरंगानं भरून देणारे लोक. तो नवा रंग काढता येत नाही, आणि चित्रात मूळ काय होतं हे कायमचं झाकलं जातं. उडालेला जांभळा हा त्या चित्राचा खरा इतिहास आहे, तो तसाच राहू द्या.

१८३०च्या सुमारास प्रशियन निळा जपानी छपाईत रुळला, तो प्रकाशात बराच टिकतो. १८६०नंतरच्या दशकांत कृत्रिम जांभळे आणि लाल आले. कुनिचिकाच्या चित्रांतला भडक लाल-जांभळा हा असा. त्यांतले काही रंग ओलीनं पसरतात. तेव्हा ‘माझं चित्र नंतरचं आहे, पुसलं तर चालेल’ असाही अर्थ काढू नका.

तुम्ही आता एवढंच करा. ओली झालेली जागा आपोआप वाळू द्या, टिपकागद दाबू नका. चित्र आम्लरहित कागदात आडवं ठेवा आणि कागदाच्या संवर्धकाला दाखवा. कापूस फेकू नका, तोही सोबत न्या. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचं कला-संवर्धन केंद्र आहे, तिथे चौकशी करता येईल.

प्रश्न : दिवाणखान्यात खिडकीसमोरच्या भिंतीवर लावू का?

नको. लावायचंच तर उन्हापासून दूर, पन्नास लक्सच्या आत, वर्षातून फार तर तीन महिने. अतिनील किरण अडवणारी काच लावली म्हणजे प्रकाश थांबला असं नाही.

प्रश्न : लॅमिनेट केलं तर दमटपणापासून वाचेल ना?

लॅमिनेट केलेलं चित्र वाचवता येत नाही.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात मागच्या बाजूला पांढरे ठिपके आले होते. वाढलेत असं वाटतं. दिवाळीनंतर दाखवलं तर चालेल?

तुम्ही आधीच एक वर्ष घालवलंय. ती बुरशी असावी. हवेतली आर्द्रता पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की ती वाढते, आणि कोकणपट्टीत पावसाळाभर तेवढी असतेच. कागदाला दिलेली दोसा, म्हणजे सरस आणि तुरटीचं पाणी, आणि रंगातली भाताची खळ, हे दोन्ही तिचं खाद्य.

आज चौकटीतून काढा. इतर चित्रांपासून वेगळं, कोरड्या वाहत्या हवेच्या खोलीत, सावलीत ठेवा. उन्हात नको, हेअर ड्रायर नको. ठिपके ब्रशनं झटकू नका, बीजाणू घरभर उडतात आणि श्वासातही जातात. हातमोजे आणि मास्क वापरा. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका. डांबराच्या गोळ्या बुरशी मारत नाहीत. या आठवड्यात संवर्धकाची वेळ घ्या.

प्रश्न : चित्र अमेरिकेतल्या मुलीकडे पाठवायचं आहे. कुरिअरनं चालेल?

शंभर वर्षांहून जुनं असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला विचारा. पुरावस्तूंच्या निर्यातीवर १९७२च्या कायद्याचे निर्बंध आहेत. विचारल्याशिवाय पाठवू नका.

प्रश्न : घरी या पद्धतीनं छापून पाहायचंय. रंग कागदावर ठिपक्याठिपक्यांचा उमटतो. चुकतंय काय?

खळ कमी पडतेय, किंवा कागद कोरडा आहे. जपानी छापणारे याला तिळासारखी छपाई म्हणतात. काही जण ती मुद्दाम करतात, पण आधी सपाट रंग यायला हवा.

एक चमचा तांदळाच्या पिठात सात-आठ चमचे पाणी घालून मंद आचेवर अर्धपारदर्शक होईपर्यंत ढवळा. ठशावर आधी रंग, त्याशेजारी वाटाण्याएवढी खळ, आणि दोन्ही ब्रशनं ठशावरच एकत्र करा. शेवटचे हात लाकडाच्या रेषेच्या दिशेनं, अगदी हलके. ब्रशचे केस टोकाला मऊ हवेत. जपानमध्ये घोड्याच्या केसांचे ब्रश शार्कच्या खरबरीत कातड्यावर घासून टोकं फोडतात. खळ जास्त झाली तर कागद चिकटतो आणि रंगावर चकाकी येते, पाणी जास्त झालं तर रंग रेघेबाहेर ओघळतो.

कागद आदल्या रात्री ओला करा. दर दोन कोऱ्या कागदांनंतर एकावर रुंद ब्रशनं पाणी फिरवा, गठ्ठा प्लास्टिकमध्ये गुंडाळून वजनाखाली ठेवा. सकाळी हाताला गार लागला पाहिजे, ओला नव्हे. छापायचं चालू असताना गठ्ठा झाकलेलाच ठेवा. कागद वाळला की आक्रसतो, आणि मग केंतो कितीही अचूक कोरला असला तरी पाचवा रंग पहिल्यावर बसत नाही.

घासणी, म्हणजे ‘बारेन’, आधी साधीच घ्या. अस्सल बारेनमध्ये कागदाचे तीस-चाळीस थर चिकटवलेली तबकडी, तिच्यात बांबूच्या कोंबाच्या सालीची पिळून गुंडाळलेली दोरी, आणि वरून त्याच सालीचं आवरण असतं. दोरीच्या गाठींमुळे दाब असंख्य बिंदूंवर पडतो, म्हणून मोठा सपाट रंग एकसारखा उतरतो. शिकताना फाटतं ते आवरण, आणि ते बदलायचं कसं हे कुणाच्या तरी शेजारी बसूनच शिकावं लागतं. जवळच्या कला महाविद्यालयाच्या मुद्राचित्रण विभागात आधी एकदा जाऊन या, मग बारेन मागवा.